पाठीवरच्या भाकऱ्या

केरबाच्या हाताला सगळ्या तालुक्यात नाव होतं. बिद्रीच्या कारखान्यापासून चार मैलांवर त्याचं गाव, पण पार गडहिंग्लजच्या बाजारात गाय नाहीतर म्हैस घ्यायची झाली तरी माणसं आधी केरबाला शोधायची. दात आणि कास कुणीही बघतो. केरबा जनावराच्या मागं उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि पंजा तीन ठिकाणी ठेवायचा. आधी शेपटीच्या बुडाशी, मग कमरेच्या हाडावर, मग त्या दोन्हींच्या मधल्या खळग्यात. बोटं हलकी दाबायची, सोडायची. मग डोळे उघडून तो सांगायचा, "दीड भाकरी हाय."

कातड्याखाली चरबीचा थर असतो, तो केरबा भाकरीच्या जाडीनं मोजायचा. एक भाकरी म्हणजे जनावर रोड, पेंड वाढवा. दोन भाकऱ्या म्हणजे व्यायला तयार, आहे ते चालू द्या. तीन भाकऱ्या म्हणजे अंगावर फार चढलंय, हात आखडता घ्या. हे माप त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याची आई भाकरी थापताना तिची कड बोटानं चाचपायची, ते बघता बघता त्याचं त्यालाच सुचलं. पुढं सगळं गाव तसंच बोलायला लागलं. लग्नात एखादा अंगानं भरलेला पावणा आला की पोरं केरबाच्या कानाला लागायची, "आबा, ह्यांच्या पाठीवर किती?"

असा तो हात. आणि चार वर्षांपासून त्या हाताची बोटं मेली होती.

एकदम नव्हती मेली. आधी मुंग्या यायच्या. मग असं वाटायचं की बोटांवर कुणीतरी जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आहे आणि तो त्या पट्टीवरूनच सगळं धरतो आहे. एका सकाळी त्यानं चुलीवरची चहाची पातेली फडकं न घेता उचलली आणि निवांत दाराशी येऊन बसला. धोंडुबाई, त्याची बायको, मागनं ओरडत आली तेव्हा त्यानं खाली बघितलं. बोटांची कातडी पांढरी पडून वर आली होती. त्याला काहीच कळलं नव्हतं.

गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, साखर आहे, बोटांच्या शिरा गेल्यात, आता परत येणं अवघड. केरबानं घरी येऊन सांगितलं, अशक्तपणा आहे म्हणाले.

सांगणार तरी काय? शेती एकरभर. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, सही शिकला ती पन्नाशीला. लोक लग्नात त्याला पुढच्या पाटावर बसवत ते हातामुळं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं बांधून पळवायच्या आधी मालक एकदा त्याचा पंजा म्हशीच्या पाठीवर ठेवून घेत, ते हातामुळं. हात गेला म्हणून सांगितलं असतं तर मागं नुसता एक म्हातारा उरला असता.

मग तो डोळ्यांनी सांगायला लागला. जनावर दावणीला दिसलं की लांबूनच नीट बघून घ्यायचं, मनाशी ठरवायचं, मग जवळ जाऊन डोळे मिटायचे, पंजा ठेवायचा आणि आधीच ठरलेलं सांगायचं. डोळ्याला पन्नास वर्षांची सवय होती. बहुतेक बरोबर यायचं. चुकलं तरी उन्नीस-बीस, जनावराला काही व्हायचं नाही.

एकदाच झालं. आणि ते हाफिजाच्या गोठ्यात झालं.

हाफिजा म्हणजे इलाही नालबंदाची बायको. इलाही बैलांना नाल ठोकायचा. तो आणि केरबा, दोघांनी मिळून तीस वर्षं बाजार केले होते. एकाच फडक्यात बांधलेली भाकरी खाल्ली होती. इलाही गेला तेव्हा केरबानं जनाजा खाली उतरेपर्यंत खांदा सोडला नव्हता. त्यानंतर हाफिजानं नवऱ्याच्या मागं एक गाय आणि एक म्हैस यांवर घर चालवलं. मुलगा तौसीफ इचलकरंजीला कारखान्यात होता, तो आठवड्यानं यायचा. ईदला गल्लीत पहिला गोड भाताचा डबा केरबाच्या घरी यायचा, इलाही असतानाही आणि तो गेल्यावरही.

दोन वर्षांमागं हाफिजाची गाय सात महिन्यांची गाभण होती. काळी-पांढरी, उंच, मोठ्या हाडाची. कमरेची हाडं खुंट्यांसारखी वर आलेली. बघणाऱ्याला वाटावं, हिला कुणी खायला घालत नाही.

"केरबाभाऊ, एकदा हात ठिवा की," हाफिजा म्हणाली होती. "दूध आटवलंय. किती घालू, काय घालू, कळंना झालंय."

केरबानं लांबून खुंट्या बघितल्या. जवळ गेला, डोळे मिटले, पंजा ठेवला. बोटांखाली गाय होती की भिंत होती, त्याला सांगता आलं नसतं.

"एकच भाकरी हाय, भाभी. दाबून खायला घाला."

तिनं घातलं. सरकी पेंड, मक्याचा भरडा, वर गुळाचा खडा. दोन महिने तिनं स्वतःच्या चहात गूळ घातला नाही, गाईला घातला. गाय ईदच्या आदल्या दिवशी व्याली. झाली कालवड. तिसऱ्या दिवसापासून गाईनं वैरणीला तोंड लावलं नाही. सहाव्या दिवशी बसली ती उठली नाही. आलेल्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, अंगावर चरबी फार होती, ती काळजात उतरली.

ते शब्द केरबानं ऐकले. तो गोठ्याच्या दारातच उभा होता. हाफिजाला ते नीट ऐकू आले नव्हते, ती गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीसमोर दूध घालायला रांग लागली होती. हंबीरराव केरबाच्या वयाचा, बोलायला मोकळा. त्यानं विचारलं, "काय रं केरबा, भाभीची गाय कशानं गेली? तूच हात लावलातास न्हवं?"

सगळ्या रांगेनं माना वळवल्या. केरबाच्या तोंडातून शब्द कसे आले ते त्याला आजही सांगता येत नाही.

"हातानं काय हुतंय? ईदचा गोड भात घातला पातेलंभर. पोट धरलं गाईचं. जनावराला भात सोसतोय व्हय?"

ईदच्या दिवशी त्यानं गव्हाणीपाशी रिकामं पातेलं बघितलं होतं, एवढंच. ते पातेलं कुणी रिकामं केलं हेही त्याला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीनं केलं होतं. त्यातला पहिला डबा त्यानं स्वतः खाल्ला होता. गाईला गेला असेल तर बुडाला चिकटलेला मूठभर.

पण भाताची गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी बायका हाफिजाला येऊन म्हणाल्या, "आगं, भात कशाला घालायचास?" आणि हाफिजानं कपाळावर हात मारून घेतला. तिनं मूठभर घातला होता. खरंच घातला होता. तिला वाटलं, आपणच गाय मारली.

पुढच्या वर्षी ईदला डबा आला नाही. यंदाही आला नाही. का आला नाही, हे केरबानं विचारलं नाही.

हाफिजानं ती कालवड बाटलीनं दूध पाजून वाढवली. नाव ठेवलं चांदणी. यंदा चांदणी सात महिन्यांची गाभण झाली, आईसारखीच उंच, तशाच खुंट्या. आणि पंधरा दिवसांमागं हाफिजा पुन्हा केरबाच्या दारात आली होती.

"हिच्या आईच्या बाबतीत माझ्याकडनं चूक झाली, भाऊ. आता तुमी सांगशीला तसंच करतो."

नाही म्हणायची ती वेळ होती. केरबा गेला, डोळे मिटले, पंजा ठेवला. मागचं आठवून दीड म्हणावं असं मनात आलं. पण खुंट्या दिसत होत्या, आणि हाफिजा तोंडाकडं बघत होती.

"एक हाय," तो म्हणाला.

*

जोतिबाची यात्रा होऊन आठेक दिवस झाले होते, तेव्हा डेअरीनं मशीन आणलं. डेअरीचा सेक्रेटरी पृथ्वीराज, तिशीचा गडी, त्याला कर्णा लागत नसे.

"चला चला, गाई-म्हशींची सोनोग्राफी! पोरगा हाय का पोरगी इचारायचं न्हाय, गुन्हा हाय!"

मागच्या पटांगणात लिंबाखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा उभा केला होता. शेजारी टेबलावर शाळेच्या पाटीएवढं मशीन. ते चालवणाऱ्या डॉक्टर अनुजा, दूध संघाकडून आलेल्या, पायात गमबूट, बोलायला मऊ.

"पोट नाही बघायचं," त्या म्हणाल्या, "पाठ बघायची. कातड्याखाली चरबी किती आहे ते यात दिसतं. गाभण जनावर फार रोड नको, फार जाड त्याहून नको."

"मग मशीन कशाला?" हंबीरराव म्हणाला. "आमचा केरबा हाय की."

केरबा त्या दिवशी मुद्दाम रानात गेला होता. पृथ्वीराजनं मोटरसायकल पाठवून त्याला आणवला. तो आला तेव्हा लोकांनी वाट करून दिली. त्याला वाटलं होतं, बाई आपलं माप उडवून लावतील, मग रागावून निघून जाता येईल. पण अनुजांनी वहीची नवीन पानं काढली.

"आबा, तुमच्या भाकरीचं मी ऐकलंय. आधी तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मग मशीन लावते. तुमचं माप माझ्या मापात बसतं का बघू. बसलं तर मी सगळ्यांना भाकरीतच सांगीन."

पहिली हंबीररावाची म्हैस. केरबा तिला रोज बघायचा. डोळे मिटून म्हणाला, "दोन." अनुजांनी पाठीच्या खळग्यावर तेल चोळलं, हातातलं मशीनचं टोक टेकवलं. पडद्यावर राखाडी पट्टे आले. "हे कातडं. ही चरबी. ही पांढरी रेघ आली ना, तिच्याखाली मांस. तेवीस मिलिमीटर."

दुसरी गाय, केरबा म्हणाला, "एक." मशीन म्हणालं, बारा. तिसरी, "दोनला थोडी कमी." एकोणीस.

"बघा!" पृथ्वीराज ओरडला. "ह्या मशीनला आबांच्या हाताखाली शिकाय ठिवा!"

लोक हसले. अनुजाही हसल्या. "आबा, दोन भाकऱ्या म्हणजे माझे वीस ते पंचवीस. या गाईंना व्यायच्या वेळी तेवढीच हवी. तुमचं माप पक्कं आहे." केरबाच्या अंगावर जरा मूठभर मांस चढलं. क्षणभर त्याला वाटलं, बोटं परत आली की काय.

मग हाफिजा चांदणीला घेऊन आली.

"हिला आबांनी बघितलंय," हाफिजा अनुजांना म्हणाली. "एक भाकरी हाय म्हणाले. पंधरा दिवस भरडा चालू केलाय."

अनुजांनी तेल चोळलं, टोक टेकवलं. पडद्याकडं बघितलं. टोक उचलून पुन्हा टेकवलं. दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा.

"बत्तीस," त्या म्हणाल्या. "ताई, ही एक नाही. ही तीन भाकऱ्या आहे. पंधरा दिवसांत एवढी चढत नाही, आधीचीच आहे. हिची हाडंच मोठी, म्हणून रोड दिसते. आजपासून भरडा कमी करा, हळूहळू. पेंड कमी. कडबा वाढवा. नाहीतर व्यायल्यावर ही चरबी वितळून काळजात, म्हणजे लिव्हरवर जाते. जनावर खात नाही. बसतं ते उठत नाही."

हाफिजाचा हात कासऱ्यावर थांबला.

"तिसऱ्या दिवशी खायाचं बंद करतं?" तिनं विचारलं. "आणि सहाव्या दिवशी..."

"हो. तसंच. तुम्ही बघितलंय का?"

"हिची आई. पण ती माझ्यामुळं गेली, बाई. मी भात घातलाता."

"किती?"

"मूठभर."

"मुठीनं काही होत नाही," अनुजा म्हणाल्या. "आधीचे दोन महिने काय घालत होतात?"

हाफिजा काही बोलायच्या आत हंबीरराव पुढं आला. "ओ मॅडम, मशीन तापलंय तुमचं. सकाळधरनं उन्हात हाय. केरबाचा हात कवा चुकला न्हाय."

"व्हय की," मागनं दोघं-तिघं बोलले. "लाईट कमी-जास्त झाली असंल."

"बॅटरीवर आहे," अनुजा म्हणाल्या. पण गावानं ठरवून टाकलं होतं. आणि हाफिजानंही. तिनं मशीनकडं नाही, केरबाकडं बघितलं.

"केरबाभाऊ, तुमीच सांगा. मशीनचं ऐकू का तुमच्या हाताचं?"

केरबानं मान वर केली. हंबीरराव, पृथ्वीराज, सगळी त्याच्या बाजूनं उभी होती. त्याला फक्त "हाताचं" एवढं म्हणायचं होतं. ती घरी जाऊन भरड्याची पाटी भरणार होती. चांदणी गव्हाणीत तोंड घालणार होती.

"मशीनचं ऐका," तो म्हणाला. आवाज बारीक आला म्हणून पुन्हा म्हणाला, "मशीनचं ऐका, भाभी. मला बोटांनी कळत न्हाय."

लोक हसले. त्यांना वाटलं, थोरपणा आहे.

"हसू नगासा. पृथ्वीराज, हिकडं ये. माझ्या हातावर मक्याचा दाणा ठेव. मी डोळं मिटतो."

पृथ्वीराजनं हसत हसत खोड्यापुढच्या पाटीतला दाणा उचलून त्याच्या बोटांवर ठेवला. केरबा डोळे मिटून उभा राहिला. थोडा वेळ गेला.

"ठेवलास का न्हाय?"

कुणीतरी खुदकलं. पृथ्वीराजनं दाणा उचलला आणि हात मोकळा सोडला. "आता सांगा, आबा."

"आता हाय," केरबा म्हणाला. "आता ठेवलास."

केरबानं डोळे उघडले, रिकामा पंजा बघितला आणि तो धोतराला पुसला. का पुसला, त्याला कळलं नाही.

"चार वर्सं झाली. साखर हाय. डोळ्यानंच सांगत हुतो."

मग जे झालं ते त्याला मार खाण्यापेक्षा वाईट वाटलं. हंबीररावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पृथ्वीराजनं खुर्ची आणली. कुणी म्हणालं, वय झालं, चालायचंच. कुणी म्हणालं, बघा, एवढं खरं बोलायला मन लागतं. अनुजांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. सगळे त्याला चांगला म्हणत होते, आणि भाताची गोष्ट अजून त्याच्या तोंडातच होती. तो पाणी प्याला तशी ती परत आत गेली.

हाफिजा चांदणीला घेऊन कधी गेली, ते त्याला दिसलं नाही.

*

घरी धोंडुबाई ज्वारी पाखडत होती. तिच्या कानावर सगळं आलं होतं.

"बोटांचं सांगितलासा. बरं झालं," ती सुपाकडं बघत म्हणाली. "भाताचं सांगितलासा काय?"

केरबा उंबऱ्यात थांबला.

"तो भात मीच वाढलाता तुमास्नी," ती म्हणाली. "दोनदा मागून घेतलासा. तिसऱ्यांदा डबा पुसून खाल्लासा. आणि आठ दिवसांनी डेअरीत जाऊन तसं बोललासा."

"तू कधी बोलली न्हाईस."

"काय बोलू? मी दोन वर्सं तिच्या दारात बसाय जात न्हाय. तोंड कुठलं दाखवू? तुमी कधी इचारलासा, का जात न्हाईस म्हणून?"

सूप पुन्हा हलायला लागलं. केरबा आत आलाच नाही. तसाच वळला आणि हाफिजाच्या गोठ्याकडं चालायला लागला. ऊन उतरलं नव्हतं. घरं मोजून सहा, पण त्याला ती वाट गडहिंग्लजएवढी झाली.

हाफिजा गव्हाणीतला भरडा घमेल्यात काढत होती. चांदणी तोंड पुढं करत होती आणि ती तिला कोपरानं मागं सारत होती.

"भाभी," केरबा दारातूनच म्हणाला. आत जायला त्याचा पाय उचलला नाही. "भाताचं मी उठीवलं."

ती भरडा काढतच राहिली.

"डॉक्टरनं सांगितलंतं, चरबीनं गेली म्हणून. मी ऐकलंतं. माझ्या सांगण्यानं तुमी खायला घातलासा, आणि मी... डेअरीत हंबीररावानं इचारलं, आणि मी भाताचं बोललो. मला ठावं हुतं तसं न्हाय म्हणून."

घमेलं भरलं. हाफिजानं ते उचलून बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. तिच्या तोंडावर राग दिसेल असं त्याला वाटलं होतं. राग नव्हता. ती काहीतरी आठवत होती.

"दोन ईदा मी भात शिजवला न्हाय," ती म्हणाली. "तौसीफ म्हणाला, अम्मी, कर की. मी म्हटलं, त्या भाताचं नाव काढू नगंस. तांदूळ धुताना मला ती गाय दिसायची. माझ्या हातानं मेली म्हणून." ती थांबली. "इलाही असते तर तुमी तसं बोलला असता काय?"

केरबाला उत्तर ठाऊक होतं. इलाही असता तर तो बोलला नसता. ती एकटी होती म्हणून बोलला.

"माझं चुकलं, भाभी."

"मला एकटीला कशाला सांगताय?" आता तिचा आवाज चढला. "मला भातखाऊ गाईची मालकीण तुमी केलं व्हय? गावानं केलं. शाळेची पोरं सुदीक म्हणायची. तुमी गावाला सांगितलासा, रांगंत उभं राहून. तिथंच सांगा. मी उद्या म्हशीचं दूध घालाय येतो. मी असताना सांगा."

आणि तिनं कडब्याची पेंढी सोडली, चांदणीपुढं टाकली आणि पाठ केली.

*

सकाळी रांग नेहमीसारखी होती. किटल्या, कॅन, झाकणांचा आवाज. केरबाकडं दूध नव्हतं घालायला, तरी तो आला तसं लोकांनी "या आबा, बसा आबा" केलं. कालची कणव अजून ताजी होती. हाफिजा मधे कुठंतरी किटली घेऊन उभी होती. ती कुणाकडं बघत नव्हती.

केरबा बसला नाही. दोन वर्षांमागं जिथं उभा होता तिथंच, वजनकाट्याशेजारी उभा राहिला.

"ऐका जरा," तो म्हणाला. "भाभीची गाय भातानं मेली न्हाय."

पृथ्वीराजनं फॅट मोजायच्या नळ्या खाली ठेवल्या. "आबा, कळलं की काल. झालं गेलं."

"काल अर्धंच कळलं. गाय माझ्या सांगण्यानं मेली. एक भाकरी म्हणून मी सांगितलं, ती तीन हुती. आणि भाताचं मी काढलं. खोटं काढलं. तो भात सगळ्या गल्लीनं खाल्लाता. मी खाल्लाता. तुमीबी खाल्लाता, हंबीरराव."

हंबीररावानं खाली बघितलं. त्यानंच ती गोष्ट चार वाड्यांत नेली होती, चवीनं.

"आरं पण," तो पुटपुटला, "जनावर हाय. मरायचंच कधीतरी."

"जनावराचं न्हाय म्हणत मी," केरबा म्हणाला. "बाईमाणसाचं म्हणतो. दोन वर्सं तिनं ते अंगावर घिटलं. ते माझं हुतं."

कुणी "असू द्या" म्हणालं नाही. कुणी खुर्ची आणली नाही. एकेक जण आपापल्या किटलीत बघायला लागला. लग्नात पुढच्या पाटावर बसणारा केरबा कसा दिसतो, हे त्या रांगेनं त्या दिवशी बघितलं, आणि आपण दोन वर्षं काय बोललो तेही बघितलं असेल. केरबाचे कान तापले होते. ते मात्र त्याला नीट कळत होतं.

रांग पुढं सरकली. हाफिजाची पाळी आली. तिनं दूध ओतलं, पृथ्वीराजनं आज पहिल्यांदाच मान खाली घालून, न ओरडता, लिटर सांगितले. किटली उलटी करून तिनं शेवटचा थेंब झटकला. केरबासमोरनं जाताना ती थांबली नाही. पण वळसा घालूनही गेली नाही. सरळ गेली.

त्यानंतर कुणी केरबाला बाजाराला बोलावलं नाही. अनुजा पंधरा दिवसांनी मशीन घेऊन यायच्या, तेव्हा खोड्याशी जनावर धरायला माणूस लागायचा. एकदा कुणीच नव्हतं, केरबानं जाऊन कासरा धरला. पुढंही तोच धरायला लागला. बोटांना पीळ कळत नव्हता म्हणून तो कासरा मनगटाला गुंडाळायचा. अनुजा आकडा सांगायच्या, मग लोकांसाठी भाकरीत सांगायच्या. भाकरी म्हटलं की केरबा दुसरीकडं बघायचा. चांदणीचा आकडा बत्तीसवरनं वाढला नाही. व्यायच्या आधी तीसवर आला.

दीड महिन्यानं चांदणी व्याली. पुन्हा कालवड. चांदणी वार टाकून उठली आणि तिनं कडब्याला तोंड लावलं, हे धोंडुबाईनं येऊन सांगितलं. ती बातमी घेऊन आली याचा अर्थ ती हाफिजाच्या दारात जाऊन आली होती.

गाय व्याली की चिकाचा खरवस गल्लीत जातो. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट, पिवळा, वडी सुरीनं कापावी लागते. त्या दिवशी हाफिजाच्या घरून ताटल्या गेल्या. हंबीररावाकडंही गेली. केरबाच्या दारावरनं न थांबता पुढं गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. धोंडुबाईनं संध्याकाळी भाकरी-आमटी वाढली, आणि दोघं तेवढंच जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाफिजा स्वतः आली. हातात झाकलेली वाटी. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"चांदणी खातीया," ती म्हणाली. "तिसरा दिवस हाय आज."

"ऐकलं," केरबा म्हणाला. तो उठून उभा राहिला होता.

"हा तिसऱ्या दिवसाचाच हाय. पहिला दिला न्हाय मी." तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली. "गुळाचा न्हाय केलेला. धोंडुबाई म्हणाली, तुमास्नी साखर हाय."

ती गेली. केरबानं वाटी दोन्ही हातांनी उचलली. गरम आहे का गार, हे त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं ती आधी गालाला लावून बघितली. कोमट होती. तिसऱ्या दिवसाचा चीक, धड थिजला नव्हता. वाटी कलती केली की हलत होता. त्याला गोडी नव्हती.

उंबऱ्यातच बसून त्यानं तो सगळा खाल्ला. मग रिकामी वाटी स्वतः घासली, कुठं चिकटलं तर नाही ते उजेडात धरून बघितलं, आणि परत द्यायला निघाला.